सगळ्यांनी एकाच दिवशी डबा आणला तर?

पीएमपीमध्ये उभ्याने ऐकत असाल तर आधी दांडा नीट धरा, कारण आज आपल्याला पुण्यातून थेट १६१७ सालच्या फ्रान्सला जायचंय आणि तिथून परत वढू बुद्रुकला यायचंय.

विषय आहे कॅथलिक बायकांच्या संघटना. 'महिला मंडळ' म्हटलं की आपल्या डोक्यात भिशी, हळदीकुंकू, फार तर वर्षातून एक सहल येते. चर्चचं महिला मंडळ म्हटलं की त्यात मेणबत्त्या आणि केक घालायचे, झालं चित्र तयार. मी कॅथलिक घरातला. आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे, आता वडगाव शेरीत. आई गेली बारा-तेरा वर्षं आमच्या चर्चच्या महिला मंडळात आहे. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे असेल, पण मला या मंडळांत सगळ्यात आधी दिसते ती यंत्रणा. काम कोण करतं, कोणत्या दिवशी करतं, आणि जिची पाळी आहे ती आलीच नाही तर काय होतं? बाकी भक्ती वगैरे आहेच, पण माणसं टिकतात की नाही हे बऱ्याचदा या तीन प्रश्नांवर ठरतं.

आधी थोडं पुण्याचं, म्हणजे 'पुण्यात कॅथलिक कधी आले?' हा प्रश्न मेसेजमध्ये येणार नाही. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडचे ख्रिस्ती सैनिक होते. त्यांच्यासाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि १७९२ मध्ये तिथे चर्च सुरू झालं. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ते हेच. म्हणजे इंग्रज पुण्यात राज्य करायला येण्याच्या आधीचं. नंतर कॅम्पात इंग्रजी पलटणींमुळे आणखी चर्च झाली आणि पुढे नगर जिल्ह्यातून आमच्यासारखी मराठी कुटुंबं शिक्षण-नोकरीसाठी येत गेली. एकाच चर्चमध्ये सकाळची मिस्सा इंग्रजीत, नंतरची मराठीत, कधी तमिळ, कधी कोकणी. असो.

आता फ्रान्स. लिऑन शहराजवळ शातियों नावाचं गाव. तिथे नव्याने आलेला एक धर्मगुरू, व्हिन्सेंट डी पॉल. ऑगस्ट १६१७ मधला रविवार. तो मिस्सेची वस्त्रं चढवत असताना एक बाई येऊन सांगते, गावाबाहेर एका घरात सगळेच्या सगळे आजारी पडलेत. पाणी द्यायलाही कोणी उठू शकत नाही. व्हिन्सेंट प्रवचनात ते सांगतो. दुपारी तो स्वतः त्या घराकडे निघतो, तर रस्त्यावर ही गर्दी! काही बायका अन्न देऊन परत येतायत, काही निघाल्यात, ऊन इतकं की काही वाटेत सावलीला टेकल्यात. एखादी यात्रा वाटावी असं दृश्य.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला ओळखीची आहे. कुठे पूर आला, आग लागली, की दोन दिवसांत इतके कपडे आणि इतके बिस्किटांचे पुडे जमतात की ठेवायला जागा पुरत नाही. आपण त्याचा फोटो काढतो आणि म्हणतो, माणुसकी अजून जिवंत आहे.

व्हिन्सेंटच्या मनात आलेला विचार मात्र वेगळा होता. दया भरपूर आहे, पण तिची व्यवस्था नाही. आज या घरात एवढं अन्न आलंय की निम्मं नासणार. आणि चार दिवसांनी, प्रवचन लोक विसरले की, याच घरात पुन्हा उपासमार. मला हे वाक्य पहिल्यांदा समजलं तेव्हा फार आवडलं होतं, कारण यात कोणालाही दोष दिलेला नाही. लोक चांगलेच आहेत. चांगले लोक एकाच वेळी आले, एवढीच अडचण आहे.

तीन दिवसांत, २३ ऑगस्टला, गावातल्या काही बायका एकत्र बसल्या आणि पाळ्या ठरल्या. एका दिवशी एकीने स्वयंपाक करायचा, आजाऱ्यांच्या घरी न्यायचा. दुसऱ्या दिवशी दुसरीने. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या मंडळाच्या नियमांना मंजुरी मिळाली, आणि ते नियम आजही वाचण्यासारखे आहेत. ते वाचताना आदर्शांचं भाषण ऐकतोय असं वाटत नाही, कामाची यादी वाचतोय असं वाटतं. घरात शिरताना हसतमुखाने बोल. ताट नीट मांड, रुमाल, पेला, चमचा. आजाऱ्याचे हात धू. मग वाढ. तो खात नसेल तर गोडीने आग्रह कर. आणि मग एक सूचना येते, जिच्यावर मी एक अख्खा भाग करू शकेन: ज्यांच्याजवळ घरचं कोणीतरी आहे त्यांच्याकडे आधी जा, आणि जो एकटा आहे त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जा. का? तर शेवटच्या घरी घाई नसते, तिथे जास्त वेळ बसता येतं.

विचार करा. अन्न पोचवायचंय एवढंच काम असतं तर जवळचं घर आधी, लांबचं नंतर, अशी वाट आखली असती. आज डिलिव्हरीवाला पोरगा तेच करतो, त्याला तेच करावं लागतं. पण ही वाट आखणाऱ्याला माहीत होतं की एकट्या माणसाला पोळीइतकीच गरज समोर बसणाऱ्याची असते. त्यामुळे वाटेचा क्रम अंतरावर ठरला नाही, एकटेपणावर ठरला.

पैशाचंही ठरलं होतं. पेटीला दोन कुलुपं, दोन किल्ल्या, दोन वेगळ्या बायकांकडे. (आमच्या आईच्या मंडळाच्या बँक खात्यावर दोघींच्या सह्या लागतात. चारशे वर्षांत कुलपाची सही झाली, बाकी तेच.) नंतरच्या काळात व्हिन्सेंटने काही ठिकाणी पुरुष आणि बायका मिळून मंडळं काढून पाहिली. ती चालली नाहीत. पुरुषांना सगळा कारभार आपल्याच हातात हवा असायचा, बायकांना ते खपत नव्हतं, आणि अखेर तिजोरीपासून बाजूला करावं लागलं ते पुरुषांना. बायकांच्या हिशोबात मला कधी खोट सापडली नाही, अशा अर्थाचं त्याने एका पत्रात लिहून ठेवलंय. सतराव्या शतकात, एका धर्मगुरूने. सोसायटीच्या कमिट्यांवर असलेल्या काकांनी हा भाग जरा मोठ्या आवाजात लावावा.

पण गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. ही कल्पना पॅरिसला गेली, तिथे मोठ्या घरच्या बायका सामील झाल्या, आणि काय झालं असेल? बरोबर. त्यांनी आपल्या मोलकरणींना पाठवायला सुरुवात केली. कोणाला नवऱ्याने जाऊ दिलं नाही, कोणाला साथीची भीती. पाळी कागदावर बाईची, पायपीट दुसरीची. मग पुढे आली मार्गरीट नासो नावाची खेड्यातली गुराखीण. गुरं राखता राखता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकेक अक्षर विचारत ती वाचायला शिकली होती. हे हलकं मानलं जाणारं काम मी करते, म्हणाली. तिच्यासारख्या मुलींना घेऊन लुईज द मारिलाक या विधवा बाईने १६३३ मध्ये एक संघ उभा केला. त्या काळी सिस्टर म्हणजे मठाच्या भिंतींआड राहणारी. या मुली मात्र रस्त्यावर, वस्तीत, इस्पितळात काम करणाऱ्या. म्हणून त्यांना रीतसर 'मठवासी' म्हणायचं मुद्दामच टाळलं. आज आपण ज्या शाळा-दवाखान्यांतल्या, रस्त्यावरून चालत जाणाऱ्या सिस्टर पाहतो, त्यांची वाट पाडणाऱ्यांत या होत्या. मार्गरीट १६३३ मध्येच वारली. प्लेग झालेल्या एका बाईला तिने आपल्या अंथरुणात जागा दिली होती.

पुण्यात बसून हे ऐकताना मला दुसरं कोणी आठवणं शक्य नाही. मार्च १८९७, पुण्यात प्लेग. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवणाऱ्या सावित्रीबाई. त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. दोघींचे धर्म, देश, शतकं, काहीच एक नाही. साथीत लोक गाव सोडून पळत असताना या दोघी आजाऱ्याच्या दिशेने चालत गेल्या, एवढंच सारखं.

आता जरा वेगळ्या प्रकारची संघटना. लिजन ऑफ मेरी. पुण्यात चर्चच्या नोटीस बोर्डावर हे नाव तुम्हाला दिसेल. ७ सप्टेंबर १९२१ ला डब्लिनमध्ये पंधराएक बायका, एक धर्मगुरू आणि फ्रँक डफ नावाचा सरकारी नोकरीतला माणूस जमले, तिथून सुरुवात. आता पुरुषही असतात, पण सुरुवात बायकांची. भारतात १९३१ मध्ये आली. नावं सगळी रोमन सैन्यातली, ती पाठ करायची गरज नाही. नियम मात्र बघा. दर आठवड्याला बैठक. दर आठवड्याला प्रत्येकीने साधारण दोन तास काम. काम म्हणजे घरी जाऊन भेटणं, इस्पितळात भेटणं. जायचं ते दोघींनी, एकटीने नाही. आणि पुढच्या बैठकीत तोंडी सांगायचं की काय केलं. कंपनीत रोज सकाळी आम्ही उभं राहून 'काल काय केलं, आज काय करणार' सांगतो ना, अगदी तेच, फक्त इथे खोटं बोललं तर पुढे मूर्ती असते.

आणि एक नियम असा की तो ऐकून तुम्ही दचकाल. पैसे किंवा वस्तू द्यायच्या नाहीत. त्यामागचा विचार असा की एकदा हातात पिशवी घेऊन गेलात की दार पिशवीसाठी उघडतं, आणि ज्यांना पिशवी नकोय ते दारच उघडत नाहीत. मला स्वतःला हा नियम अर्धाच पटतो. घरात खरंच काही नसेल तर नुसतं बसून काय करणार? पण ज्याच्या घरी सगळं आहे, मुलं कॅनडात आहेत, फ्रिज भरलाय आणि तीन दिवसांत कोणाशी बोलणं झालेलं नाही, अशा आजोबांसाठी हा नियम बरोबर आहे. विमाननगर-कल्याणीनगर भागात असे आजी-आजोबा कमी नाहीत.

धर्मांतराचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. लिजनचा हेतू धार्मिक आहे आणि ते तो लपवत नाहीत. प्रार्थना हा त्यांच्या कामाचा गाभा आहे. माझं मत असं की मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागणं हा व्यवहार आहे, आणि असा व्यवहार कोणत्याही धर्माच्या माणसाने केला तरी वाईटच. कुठल्याही संस्थेबद्दल हा प्रश्न विचारायला लाजू नका. पण उत्तर मिळवायचं असेल तर तिथे चार वेळा जाऊन बघा, फॉरवर्ड वाचून ठरवू नका.

आईच्या मंडळाकडे येतो. त्यांच्याकडे एक दोनशेपानी वही आहे. रविवारच्या मिस्सेनंतर हॉलच्या कोपऱ्यात वीस मिनिटं बैठक. कोण आजारी, कोण ससूनला दाखल, कोणाकडे मयत झालं. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, तर चहा कोण नेणार, संध्याकाळचं जेवण कोण. प्रत्येक कामापुढे दोन नावं आणि त्या दोघींच्या सह्या. काम झालं की रेघ मारायची.

यांचा व्हॉट्सऍप ग्रुपही आहे. साठ-पासष्ट बायका. तिथे 'अमक्या मावशी पडल्या, पायाचं हाड मोडलं' असा मेसेज आला की दहा मिनिटांत चाळीस हात जोडलेले, गुलाबाची फुलं, 'गेट वेल सून'. आणि मावशींच्या घरी कोण जातं? वहीत ज्यांची नावं आहेत त्या दोघी. मी एकदा आईला म्हटलं, अगं मी तुम्हाला छोटं ऍप करून देतो. ती म्हणाली, "वहीत नाव लिहिलं की बाई सगळ्यांसमोर सही करते. तुझ्या ऍपमध्ये ती कोणासमोर करणार?" मी विषय बदलला.

ग्रुपवर बातमी साठ जणींना कळते, म्हणजे प्रत्येकीला वाटतं की कोणीतरी गेलीच असेल. आमच्याकडे रात्री सर्व्हर पडला तर अलर्ट 'टीमला' जात नाही. त्या रात्री ज्याची पाळी आहे त्या एका माणसाला जातो. त्याने उचलला नाही तर दुसऱ्या ठरलेल्या माणसाला. सगळ्यांना पाठवलेला अलर्ट कोणालाच पाठवलेला नसतो. शातियोंच्या बायकांना हे १६१७ मध्ये कळलं होतं.

'आणि यातून त्या बायकांना काय मिळतं?' असं मला ऑफिसमधल्या एकाने विचारलं होतं. आई सांगते त्यात सेवेपेक्षा सोबतीच्या गोष्टी जास्त असतात. दोघींनी रिक्षातून जायचं, वाटेत आपापल्या सुनांबद्दल बोलायचं, परतताना पाव-पॅटिस. मंडळातल्या दोन बायका विधवा झाल्यावर आल्या. आधी त्यांच्या घरी कोणीतरी डबा घेऊन गेलं होतं, वर्षभराने त्या डबा नेणाऱ्यांत होत्या. बाजू अशी बदलत राहते. त्यामुळे उपकार कोणी कोणावर केले याचा हिशोब लागतच नाही. मला वाटतं मंडळ टिकतं ते यामुळेही.

आता वढू बुद्रुक. पुण्यापासून तीसेक किलोमीटर, नगर रस्त्याने कोरेगाव भीमाच्या बाजूला. संभाजी महाराजांची समाधी म्हणून आपण सगळे हे गाव ओळखतो. इथे २ फेब्रुवारी १९९७ ला 'माहेर' नावाची संस्था सुरू झाली. सुरू केली सिस्टर ल्युसी कुरियन यांनी. मूळच्या केरळातल्या कण्णूर जिल्ह्यातल्या, होली क्रॉस संघातल्या सिस्टर.

त्याच्या आधीची गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. १९९१. पुण्यात त्या बायकांसाठीच्या एका कामात होत्या. एक गरोदर बाई आली, सातवा महिना. नवऱ्याला दुसरी बाई घरात आणायची होती, आणि तो आपल्याला मारून टाकेल अशी तिला भीती वाटत होती. आजची रात्र मला इथे राहू द्या, एवढंच मागणं. सिस्टरांच्या हातात तसा अधिकार नव्हता, जागा नव्हती. उद्या ये, काहीतरी बघू, असं त्या म्हणाल्या. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिलं. किंकाळ्या ऐकून सिस्टर धावल्या, तिला इस्पितळात नेलं. ती वाचली नाही. पोटातलं बाळही नाही.

इथे मी थोडा थांबतो.

'उद्या ये' हे वाक्य आपण सगळे रोज म्हणतो. बँकेत, कॉलेजच्या ऑफिसात, पोलीस चौकीत. त्यात कोणी दुष्ट असावं लागत नाही. त्या बाईला सल्ला नको होता, समुपदेशन नको होतं, शिलाई मशीनही त्या रात्री नको होतं. हवी होती एक खोली, आणि ती खोली 'आत्ता देते' म्हणू शकणारं एक माणूस. शातियोंमध्ये मदत एकाच दिवशी जास्त झाली होती. इथे एका रात्रीपुरती कमी पडली.

यानंतर सिस्टर कोलमडल्या होत्या. पुण्यातले जेझुइट धर्मगुरू आणि अभ्यासक फादर फ्रान्सिस डिसा यांनी त्यांना धीर दिला आणि काहीतरी उभं करायला लावलं. १९९१ ते १९९७, सहा वर्षं लागली. हे आकडे मुद्दाम सांगतोय. रीलमध्ये एका घटनेनंतर पुढच्या कटला संस्था उभी असते. प्रत्यक्षात मध्ये सहा वर्षं जातात, पैशामागे, जागेमागे, परवानग्यांमागे.

नाव बघा. एका मल्याळी सिस्टरने मराठीतला नेमका शब्द उचलला. ज्या बाईला सासरी राहता येत नाही आणि बापाच्या घरी 'चार लोक काय म्हणतील' म्हणून परत घेत नाहीत, तिला 'निवारा केंद्र' नको असतं, माहेर हवं असतं. माहेराला कारण सांगावं लागत नाही. रात्री अकराला पिशवी घेऊन दारात उभं राहिलं तरी आधी 'जेवलीस का?' असंच विचारतात.

गावात सुरुवातीला संशय होताच, सिस्टर आल्या म्हणजे धर्म बदलायला आल्या. माहेरने सुरुवातीपासून सर्वधर्मीय राहायचं ठरवलं. सण सगळ्यांचे, कुठल्या एका धर्माची सक्ती नाही, जात विचारायची नाही. आज महाराष्ट्राबरोबर केरळ, झारखंड अशा राज्यांतही त्यांची घरं आहेत. बायकांची, मुलांची, रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण बायकांची. मुलांसाठी एक मोठं वसतिगृह न करता लहान लहान घरं, आणि प्रत्येक घरात एक गृहमाता. या गृहमातांपैकी कितीतरी जणी स्वतः कधीतरी पिशवी घेऊन आलेल्या आहेत. वडगाव शेरीतल्या वहीत जे घडतं तेच इथे मोठ्या प्रमाणावर.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती बोलतो. चर्चमध्ये एवढं काम बायका करतात आणि वेदीवरून 'आभार' मानले जातात. निर्णय होतात तिथे खुर्च्या किती? प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असा १९८३ च्या चर्चच्या कायद्याचा नियम आहे आणि तिथे बायकांना बसायला कोणतीही आडकाठी नाही. तरी बऱ्याच ठिकाणी त्या चहाच्या बाजूलाच जास्त दिसतात. दोन किल्ल्यांची पेटी सांभाळणाऱ्या बायकांचा वारसा सांगायचा, तर किल्लीही द्यायला हवी. हे मी आईला म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "आम्हाला किल्ली नको असते असं तुला कोणी सांगितलं?"

शेवटी, 'मी ख्रिस्ती नाही, मला यात काही करता येईल का?' असं विचारणाऱ्यांसाठी. लिजनसारख्या संघटनेत सदस्य म्हणून नाही, ती श्रद्धेवर उभी आहे. माहेरसारख्या ठिकाणी नक्की. पण आधी फोन करा, आणि वाढदिवसाचा केक घेऊन मुलांसोबत फोटो काढायला म्हणून जाऊ नका. तिकडे रविवारी सगळेच येतात. विचारा की तुमच्याकडे कोणत्या वारी माणूस कमी पडतो. उत्तर बहुतेक मंगळवार किंवा बुधवार असं येईल, आणि काम गणित शिकवणं, कोणाला तपासणीला दवाखान्यात नेणं, कोर्टाच्या तारखेला सोबत जाणं असलं काहीतरी असेल. महिन्यातला एकच मंगळवार देता येत असेल तर तेवढाच सांगा, आणि त्या मंगळवारी जा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे त्यांना दुसरं नाव लिहिता येतं.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या भागात अशी एखादी वही कोणाकडे असेल, कुठल्याही धर्माच्या मंडळाची, तर तिच्यात रकाने कोणते आहेत तेवढं मला लिहून पाठवा. नावं नकोत, फक्त रकाने.